पियानोच्या जुन्या बाकाचे पाय हलतायत, खिळे न मारता घट्ट कसे करायचे?

सांजवात
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

माझ्या पियानोच्या टीचर मडगावच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. पियानो त्यांच्या भाच्याकडे राहिला, बाक मात्र त्यांनी माझ्या नावाने सांगून ठेवलं होतं. मडगावहून पुण्यापर्यंत ते गोधडीत गुंडाळून रातराणीच्या डिकीतून आलं. त्या बाकावर मी आठ वर्षं शिकले. आता माझ्याकडे येणारी मुलं त्यावर बसतात.

बाक सागवानी आहे. लांबी 76 सेंमी, रुंदी 35, उंची 47. झाकण उचललं की आत नोटेशनची पुस्तकं ठेवायचा कप्पा. दुखणी अशी: मागचा उजवा पाय बोटभर हलतो, पुढचा डावाही थोडा हलतो, बाकीचे दोन ठीक आहेत. कुणी जोरात वाजवायला लागलं की बाक कुरकुरतं आणि मूल वाजवायचं थांबून खाली बघतं. झाकणाची लांब बिजागरी एका टोकाला उखडलीय, तिथले स्क्रू नुसते फिरतात. तळाचा पत्रा, म्हणजे हार्डबोर्ड, मध्ये पोट सुटल्यासारखा खाली आलाय. आधी कुणीतरी दुरुस्ती केली असावी, कारण हलणाऱ्या दोन्ही पायांच्या सांध्यांवर पांढऱ्या गोंदाचे ओघळ वाळलेत आणि मागच्या पायात दोन खिळे आहेत.

आमच्या कोपऱ्यावरचे मिस्त्री बघून गेले. म्हणाले, चारी कोपऱ्यांत लोखंडी अँगल मारतो, चार-चार खिळे ठोकतो, अर्ध्या तासाचं काम. मी त्यांना थांबवलंय. बाक जपून ठेवण्यासाठी नकोय मला, रोज वापरायचंय. पण खिळे मारायला मन होत नाही. काय करू?

तळकोकणी
ताई, थांबवलंत ते फार चांगलं केलंत. खिळा सांध्यात गेला की कुसू, म्हणजे खाचेत बसणारं पट्टीचं टोक, चिरतं. आणि पावसाळी हवेत खिळा गंजतो, त्याच्याभोवतीचा साग काळा पडतो, तिथली पकड भुसभुशीत होते. आमचं सावंतवाडीला सुतारकामाचं घर. वडील खिळे मारलेली खुर्ची दुरुस्तीला आली की आधी एक उसासा टाकायचे, मग पक्कड हातात घ्यायचे.

ट्रामवाला
मी थोडं वेगळं सांगतो. अँगल इतके वाईट नसतात. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना लावलेत, खिळ्यांनी नाही, स्क्रूने. चार वर्षं झाली, घट्ट आहेत. मुलांचं रोजचं बसणं आहे तर सुरक्षित काय ते आधी बघा.

पटाशी
ताई, मी वसईत जुनं फर्निचर दुरुस्त करतो. चर्चमधले बाक, हार्मोनियमच्या पेट्या, अधूनमधून पियानोची स्टुलं आणि बाकं. सविस्तर लिहितो.

ट्रामवाला यांचं म्हणणं चूक नाही, पण जेवणाच्या खुर्चीवर माणूस बसतो आणि उठतो. पियानोच्या बाकावर माणूस काम करतो. वरच्या सुरांकडे झुकतो, खालच्या सुरांकडे झुकतो, पेडल दाबताना मागे रेटा देतो, युगलवादनाला दोघं बसतात. बाकाला सरळ खाली जाणाऱ्या वजनाचा त्रास नसतो, त्रास असतो या पुढे-मागे हिसक्यांचा. पाय चाळीस सेंमी लांब आणि चौकटीची पट्टी आठ सेंमी रुंद धरा. पायाच्या टोकाला बसलेला रेटा सांध्यावर साधारण पाचपट होऊन येतो. अँगल तो रेटा चार आखूड स्क्रूंवर घेतो. सांध्यात लाकूड लाकडाला चिकटलेलं नसेल तर ते स्क्रू दर हिसक्याला आपलं भोक थोडं थोडं मोठं करत राहतात. अँगल घट्टच दिसतो, आणि आतलं कुसू झिजत जातं.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: वरून गोंद सोडू नका. हलणारा सांधा पूर्ण उघडा. जुन्या गोंदावर नवा पांढरा गोंद धरत नाही. तुमच्या बाकावर ओघळ आहेत याचा अर्थ मागच्या माणसाने फटीत गोंद ओतला, तो आत गेलाच नाही आणि बाहेर वाळला.

उघडायचं असं. आधी तळाचा हार्डबोर्ड काढा, म्हणजे आतून सांधे दिसतील. खिळे काढताना डोक्याभोवतीचं लाकूड पटाशीच्या टोकाने किंचित कोरा, डोकं पकडीत येईल एवढंच. नुसती पक्कड लावून ओढलंत तर कुसवाचा तुकडा बरोबर येईल. मग पांढरं व्हिनेगर कोमट करून इंजेक्शनच्या सिरिंजने सांध्याच्या फटीत सोडा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा सोडा. जुना सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद, असेल तर हमखास सुटतो, पांढरा गोंदही मऊ पडतो. मग लाकडी ठोकळा आड धरून मोगरीने हलके ठोके द्या. हातोडी थेट लाकडावर नको. आणि एक: स्पिरिट वापरू नका. सरस त्यानेही सुटतो, पण तुमच्या बाकावर चपडा लाखेचं पॉलिश असणार, ते स्पिरिटने क्षणात विरघळेल.

उघडलं की थांबा आणि इथे फोटो टाका. पुढचं त्यावरून ठरवू. एक गोष्ट मला खटकतेय, ती तेव्हाच बोलेन.

माडाखाली
सांजवात, वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडे दक्षिण गोव्यात अशी बाकं अजून घराघरांत आहेत. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून सूर गायला, शिकलेली ती पिढी. बाकाच्या कप्प्यात पुस्तकांबरोबर मेणबत्त्या नि सुईदोराही सापडायचा. खटपट करा, सोडू नका. देव बरें करूं.

हडसनकाठ
धाग्यात घुसतोय, माफ करा. आम्ही न्यू जर्सीत आहोत. मुलीसाठी वापरलेलं बाक घेतलं, दोन्ही बाजूंना गोल मुठी फिरवून उंची कमी-जास्त होते ते. एक मूठ नुसती फिरते आणि बाक एका बाजूला कललेलं राहतं. ते दुरुस्त होतं का?

पटाशी
होतं. सीटखाली कात्रीसारख्या पट्ट्या आहेत, त्यांना जोडणारा आट्यांचा दांडा मुठींनी फिरतो. मूठ नुसती फिरते म्हणजे तिच्यातला बारीक स्क्रू ढिला झालाय. मुठीच्या मानेवर छोटं भोक दिसेल, त्यात अ‍ॅलन की घालून आवळा. दांड्यावर चपटी बाजू असेल तर स्क्रू नेमका तिच्यावर आला पाहिजे. मग बाक उलटं करून यंत्रणा चौकटीला धरणारे सगळे बोल्ट आवळा, कलतं ते बहुतेक त्यामुळेच. आट्यांना आणि खिळींना थोडं ग्रीस. मुलीला सांगा, बसल्या बसल्या मूठ फिरवायची नाही, उठून फिरवायची. पूर्ण वजन आट्यांवर घेऊन फिरवलं की ते झिजतात.

हडसनकाठ
बारीक स्क्रू सापडला, आवळला, मूठ धरायला लागली. यंत्रणेचे चारपैकी तीन बोल्ट हातानेच फिरत होते! मनापासून आभार.

सांजवात
पटाशीदादा, तुमचा प्रतिसाद छापून घेतला आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रींना वाचून दाखवला. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वेळ देणार असाल तर मलाही असंच काम आवडतं. लोक वेळ देत नाहीत." रविवारी सकाळी येऊन बसले.

हार्डबोर्ड काढला. व्हिनेगर तीनदा सोडलं. मागचा उजवा पाय दुपारी सुटला, पुढचा डावा संध्याकाळी. आतून पांढऱ्या गोंदाची पापडी निघाली आणि तिच्या खाली तपकिरी, काचेसारखा चकचकीत थर. मिस्त्रींनी नखाने खरवडून वास घेतला आणि म्हणाले, सरस.

फोटो टाकलेत. तिसरा फोटो मुद्दाम जवळून काढलाय. पायाच्या वरच्या टोकाला, जिथे कुणाला कधी दिसणार नाही तिथे, पटाशीने मारलेल्या बारीक रेघा आहेत. मागच्या उजव्या पायावर एक रेघ. त्या पायात जाणाऱ्या दोन्ही पट्ट्यांच्या टोकांवर मात्र तीन-तीन. पुढच्या डाव्या पायावर तीन, आणि तिथल्या पट्ट्यांवर एक-एक. हे काय आहे?

पटाशी
ताई! हीच गोष्ट मला खटकत होती. समोरासमोरचे, कर्णावरचे दोनच पाय का हलतात? झीज झाली असती तर चारी हलले असते, किंवा मागचे दोन्ही.

त्या रेघा मूळ सुताराच्या खुणा आहेत. हाताने खाचा पाडायच्या तर कुठल्याही दोन खाचा अगदी सारख्या होत नाहीत. म्हणून सुतार प्रत्येक कुसू त्याच्या त्याच्या खाचेत बसवून बघतो, तासतो, पुन्हा बसवतो, आणि जुळलं की दोन्हीकडे सारख्या रेघा मारतो. एकला एक, दोनला दोन. मग गोंद लावताना गोंधळ होत नाही. मागच्या दुरुस्तीवाल्याने दोन पाय सोडवले आणि लावताना अदलाबदल केली. कर्णावरचे पाय एकमेकांच्या जागी जातात, दिसायलाही फरक पडत नाही, फक्त घट्ट बसत नाहीत. म्हणून त्याने गोंद ओतला, आणि तरी हललं म्हणून खिळे मारले.

पाय जागा बदलून कोरडेच बसवून बघा. गोंद लावू नका. काय होतं ते लिहा.

तळकोकणी
पटाशीदादा, अंगावर काटा आला. वडील अशाच रेघा मारायचे.

सांजवात
बसले!! तीन रेघांचा पाय मागे नेला. मिस्त्रींनी ठोकळा ठेवून दोन टपल्या मारल्या आणि तो आत गेला, हाताने ओढून निघेना. गोंद नसताना. मिस्त्री बराच वेळ त्या रेघांवर अंगठा फिरवत बसले होते.

एक रेघेचा पाय मात्र पुढे अजून किंचित हलतो. तिथलं एक कुसू कुणीतरी एका बाजूने तासलंय, पॉलिश पेपरचे ओरखडे दिसतात.

पटाशी
चुकीच्या पायात घुसवण्यासाठी तासलं असणार. घाबरू नका. तासलेल्या बाजूला सागाचीच पातळ पट्टी चिकटवून कुसू पुन्हा जाड करायचं. पट्टीची नस, म्हणजे लाकडातल्या रेषांची दिशा, कुसवाच्या नसेला समांतर ठेवा. आधी जरा जाड लावा, वाळू दे, मग रंध्याने किंवा कानशीने थोडं थोडं कमी करत हाताच्या जोराने आत जाईल इतपत आणा. मोगरीचा जोरदार ठोका लागत असेल तर फार घट्ट आहे, खाचेची भिंत फुटेल. फट गोंदाने भरून निघत नाही. सरसाने नाही आणि फेविकॉलनेही नाही.

सांध्यांतला सगळा जुना गोंद कोमट पाण्याच्या फडक्याने आणि पटाशीच्या धारेने खरवडून काढा. लाकूड खरवडू नका, गोंदच. दोन दिवस वाळू द्या, व्हिनेगरचा ओलावा पूर्ण जाऊ दे.

ट्रामवाला
मी माझं अँगलचं मत या बाकापुरतं मागे घेतो. पण एक विचारतो, सरस की फेविकॉल? सरस तर पावसाळ्यात मऊ पडतो असं ऐकलंय. मग अ‍ॅराल्डाइटच का नको? फटही भरते.

पटाशी
चांगला प्रश्न. अ‍ॅराल्डाइट फट भरतं, खरंय, पण पुन्हा सांधा उघडायची वेळ आली तर लाकूड फुटेल, सांधा नाही. हे बाक अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी उघडणार आहे, त्याची सोय आपण ठेवायची.

फेविकॉल नव्या, स्वच्छ लाकडाला उत्तम. इथे अडचण ही की जुना सरस लाकडाच्या छिद्रांत मुरलाय, तो शंभर टक्के निघत नाही. अशा लाकडावर फेविकॉलचा भरवसा कमी. सरस मात्र जुन्या सरसाला धरतो, गरम नवा सरस जुन्याला विरघळवून एकजीव होतो. दमट हवेचा मुद्दा खरा आहे. भिंतीला ओल असलेल्या घरात, किंवा समुद्राकाठी उघड्या व्हरांड्यात ठेवायचं असतं तर मी दोनदा विचार केला असता. पुण्यात घरात आहे, सांधे मूळ मापात बसतायत, तर सरसच. नव्या पट्टीसाठी मात्र फेविकॉल चालेल, कारण तो भाग नव्याने तासून उघडा केलेला आहे. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी तो भाग थिनरच्या फडक्याने पुसा.

सरस करायचा असा: दाणे बुडतील एवढ्या थंड पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. थेट गॅसवर नाही, आणि उकळू द्यायचा नाही. 60 अंशांच्या आसपास ठेवा. उकळला की ताकद गेली. ब्रश उचलल्यावर धार तुटता कामा नये, पाण्यासारखी पडताही कामा नये. लावताना घाई लागते, सरस गार व्हायला लागला की धरत नाही. लाकूडही आधी जरा ऊन दाखवून कोमट करा. एका वेळी एकच बाजू घ्या, चारी पाय एकदम नको.

माडाखाली
गोंद वाळेपर्यंत सांधे दाबून धरायला शिकंजा नसेल तर? सगळ्यांकडे एवढे लांब नसतात.

पटाशी
सुती दोरी चौकटीभोवती दोन वेढे, मध्ये काठी घालून पीळ द्यायचा. खाटेची दोरी ताणतो तसं. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, दोरीचे व्रण उठतात. पीळ दिल्यावर दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले पाहिजेत. आणि चारी पाय सपाट जागी टेकवूनच वाळू द्या. फरशीवर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा घरातली सगळ्यात सपाट जागा असते.

सांजवात
ओटा एक दिवस बाकाला दिला, घरच्यांनी बाहेरून जेवण मागवलं. कर्ण मोजले, दोन मिमीचा फरक होता. मिस्त्रींनी दोरीचा पीळ एका कोपऱ्याकडे सरकवला, मग सारखे भरले.

आता मजबुतीसाठी आणखी काही करायचं का? दोन मोठी माणसं बसतात कधीकधी.

पटाशी
कोपऱ्यांत आतून तिकोनी ठोकळे बसवा. अँगलचंच काम, पण लाकडाचं आणि मोठ्या पृष्ठभागाचं. साग किंवा कुठलंही कठीण लाकूड. नस तिकोनाच्या लांब बाजूला समांतर हवी, नाहीतर ठोकळा स्क्रू आवळतानाच चिरतो. पायाचा आतला कोपरा ठोकळ्याला लागू नये म्हणून टोक कापा. दोन्ही पट्ट्यांना गोंद आणि एकेक स्क्रू. स्क्रूसाठी आधी गिरमिटाने भोक पाडा, आट्यांना साबण चोळा.

तळाला हार्डबोर्ड पुन्हा नको. पुस्तकांचं वजन लोक विसरतात, कप्पा भरला की सहज आठ-दहा किलो होतं. सहा मिमीचं प्लायवूड घ्या आणि चारी बाजूंनी आत लाकडी पट्ट्या लावून त्यांवर टेकवा. नुसतं खालून खिळ्यांवर लटकवू नका.

बिजागरी: या लांब बिजागरीला दुकानात पियानो बिजागरीच म्हणतात, पियानोच्या झाकणावरून ते नाव पडलं. उखडलेल्या टोकाची भोकं जरा मोठी करून त्यांत बांबूच्या किंवा सागाच्या खुंट्या गोंद लावून ठोका, वाळल्यावर पातळीत कापा, मग मधोमध बारीक भोक पाडून तेच स्क्रू लावा. काडेपेटीच्या काड्या खोचतात ते महिनाभर टिकतं. स्क्रू पितळी असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडा, पितळेचं डोकं पटकन तुटतं.

ट्रामवाला
माझ्याकडे आजोबांचं गोल फिरतं स्टूल आहे, वर केलं की डुलतं. हाच उपाय?

पटाशी
नाही. आधी खाली करून बसून बघा. खाली असताना डुलत नसेल तर आट्यांचा दांडा वर फार थोडा आत उरतोय, किमान दोन इंच आत राहिला पाहिजे. खालीही डुलत असेल तर स्टूल उलटं करा, दांडा ज्या लोखंडी चकतीत फिरतो तिचे स्क्रू ढिले असतील. त्यांची भोकं वर सांगितलं तशी खुंट्यांनी भरा.

माडाखाली
उंचीबद्दल एक. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड, त्याच्या वडिलांनी 1953 साली त्याच्यासाठी घडीची खुर्ची कापून जमिनीपासून जेमतेम 14 इंचांवर आणली होती. तो जन्मभर तीच घेऊन फिरला, बसायचा भाग झिजून गेला तरी. त्यामुळे पाय झिजलेत म्हणून खाली जाड रबर लावून उंची वाढवण्याआधी स्वतः बसून बघा.

सांजवात
तीन आठवड्यांनी लिहितेय. प्लायवूड बसलं, तिकोनी ठोकळे बसले, बिजागरी सरळ झाली. पॉलिशला हात लावला नाही, फक्त पायांच्या तळाला फेल्टच्या चकत्या चिकटवल्या. उंची 47 च ठेवली. माझी कोपरं पियानोच्या पट्ट्यांच्या पातळीत येतात. लहान मुलांसाठी वर पाट आणि पायाखाली चौरंग.

काल संध्याकाळी दोन मुली शेजारी बसून चार हातांचं वाजवत होत्या. मी मुद्दाम शेजारच्या खोलीत जाऊन ऐकलं. कुरकुर नाही.

मिस्त्रींनी एक गोष्ट न विचारता केली. एका ठोकळ्याच्या आतल्या बाजूला पटाशीने या वर्षाचे शेवटचे दोन आकडे कोरलेत, आणि पायांवरच्या जुन्या रेघा पुसू नयेत म्हणून तिथे पॉलिश पेपर फिरवलाच नाही.

पटाशी
त्यांना माझा नमस्कार सांगा. सरस उरला असेल तर टाकून द्या, दोन-तीन दिवसांत वास सुटतो. दाणे कोरडे असतील तर बरणीत ठेवा, वर्षानुवर्षं टिकतात.

सांजवात
दाणे अर्धा किलो उरलेत. बरणी मिस्त्रींना दिली.